हलकी एकनळी कार्बाइन : आधी काडतूस, मग बंदूक

एकाच विषयावरची पाच पत्रे या वेळी हाताशी आहेत. एक पत्र अमेरिकेत बनणाऱ्या बंदुकीविषयी आहे आणि उरलेली चार आपल्या वावरातल्या, परवान्यावरच्या बंदुकीविषयी. विषय एकमेकांत गुंतलेला असल्यामुळे ती सलग छापत आहोत. अक्षर पाहता पाचही जणांनी विचार करून लिहिले आहे. उत्तरेही त्यामुळे नेहमीपेक्षा लांबली आहेत.

प्रश्न : मी अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून टर्नर म्हणून निवृत्त झालो असून आता गावी संत्र्याची बाग सांभाळतो. थोरला मुलगा अमेरिकेत इलिनॉय राज्यात स्थायिक आहे व तेथील नागरिक झाला आहे. हरणाच्या हंगामासाठी तो तेथील परवानाधारक कारागिराकडून एक कार्बाइन, म्हणजे आखूड व हलकी रायफल, बनवून घेणार आहे. एका वेळी एकच काडतूस भरायचे, तेही मोठ्या बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) रिव्हॉल्व्हरचे, आणि वजन सव्वादोन किलोच्या आसपास, अशी त्याची कल्पना आहे. .44 मॅग्नम, .45 कोल्ट की .454 कॅसूल, यात त्याचे अडले आहे. नळी जितकी लांब तितकी चांगली, असे माझे मत आहे आणि ते त्याला पटत नाही. आपण काय सांगाल?
— एक निवृत्त टर्नर, कळमेश्वर तालुका, जि. नागपूर

उत्तर : काकाजी, चिरंजीवांनी हा घाट नुसत्या हौसेपोटी घातलेला दिसत नाही. इलिनॉय म्हणजे मक्याची आणि सोयाबीनची सपाट शेते, मध्ये मध्ये घरे. अशा मुलखात रायफलीची गोळी चुकली तर ती कुठे जाऊन थांबेल याचा भरवसा नसतो, म्हणून तेथे हरणासाठी वर्षानुवर्षे शॉटगन, ठासणीची बंदूक आणि हातातले शस्त्र (पिस्तूल, रिव्हॉल्व्हर) एवढ्यालाच मुभा होती. 2023 पासून तेथे एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या रायफलीला परवानगी मिळाली, पण तीही ठरावीक काडतुसांपुरतीच. तेव्हा पहिले काम म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संपदा विभागाच्या नियमांत आपले काडतूस बसते की नाही हे ऑर्डर देण्यापूर्वी पाहून घेणे. चिरंजीव नागरिक आहेत हे आपण लिहिलेत ते बरे केले, कारण व्हिसावर राहणाऱ्यांना बंदूक बाळगण्याचे तेथील नियम बरेच कडक आहेत.

आता काडतूस. बंदुकीची आखणी नळीपासून किंवा दस्त्यापासून (खांद्याला टेकवायच्या भागापासून) सुरू करणारे बहुतेक जण पुढे अडचणीत येतात. ती काडतुसापासून सुरू करावी, कारण चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागे काडतूस बसते त्या जागेत, दाब किती उठणार यावर सांगाडा (नळी मागून बंद ठेवणारा पोलादी भाग) ठरतो आणि सांगाड्यावर वजन ठरते. .45 कोल्ट हे 1873 सालचे, काळ्या दारूच्या जमान्यातले काडतूस आहे आणि त्याची ठरलेली दाबमर्यादा दर चौरस इंचाला 14,000 पौंड एवढीच आहे. .44 मॅग्नम 1950 च्या दशकाच्या मध्यावर आले, बंदुकांवर लिहिणारे अमेरिकन लेखक एल्मर कीथ यांच्या खटपटीतून आणि स्मिथ अँड वेसन व रेमिंग्टन या कंपन्यांच्या सहभागातून. त्याची मर्यादा 36,000 पौंड आहे. .454 कॅसूल ही .45 कोल्टचीच लांबवलेली आवृत्ती असली तरी तिचा दाब 65,000 पौंडांपर्यंत जातो, म्हणजे आधुनिक रायफलीच्या काडतुसांच्या पंक्तीत जाऊन बसतो. सव्वादोन किलोच्या सांगाड्यात हा दाब कोंडायचा आणि वर त्याचा धक्का खांद्यावर घ्यायचा, यात शहाणपण नाही. ताकद कमी पडेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी .44 मॅग्नम पुरून उरते.

.44 च्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. याच चेंबरमध्ये 1907 सालचे .44 स्पेशल हे आखूड आणि सौम्य काडतूस चालते, त्यामुळे सराव स्वस्तात नाही तरी निदान खांदा न दुखवता होतो. .454 च्या चेंबरमध्येही .45 कोल्ट चालते, तेव्हा हा फायदा एकट्या .44 चा नव्हे. मात्र आखूड काडतुसे सतत वापरली तर पुंगळीच्या (काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या) तोंडापुढे चेंबरमध्ये काजळीचे कडे जमते आणि मग लांब काडतूस अडकू लागते. ते ब्रश घालून वेळच्या वेळी काढावे लागते. टर्नर माणसाला हे वेगळे सांगायला नको.

सांगाड्याचे दोन प्रकार विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला आपल्या एकनळी बारा बोअरसारखा, नळी खाली वाकवून उघडणारा. दुसरा असा, की ज्यात तरफ खाली ओढली की पोलादी ठोकळा खोबणीत खाली सरकतो आणि चेंबर उघडे पडते. दुसऱ्या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जॉन ब्राउनिंग यांनी 1879 मध्ये पेटंट घेतलेली आणि पुढे विंचेस्टरने 1885 चे मॉडेल म्हणून बाजारात आणलेली रायफल. ती अतिशय मजबूत आहे, दिसायलाही देखणी आहे, पण हलकेपणा हा तिचा गुण नव्हे. वजन कमी ठेवायचे असेल तर पहिलाच प्रकार घ्यावा. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी रुंद कडा असते, त्यामुळे मोडून उघडणाऱ्या बंदुकीत पुंगळी बाहेर ओढणे सोपे जाते, हाही एक फायदा. थॉम्पसन सेंटर कंपनीची 1967 पासूनची कंटेंडर ही या कामाला फार सोयीची, कारण तिच्या नळ्या बदलता येतात आणि .44 मॅग्नमची नळी तिला कारखान्यातूनच मिळत असे. हॅरिंग्टन अँड रिचर्डसनची साधी हँडी रायफलही .44 मध्ये येत असे; तिचे उत्पादन 2015 मध्ये थांबले, पण वापरलेली सापडते.

नळीच्या बाबतीत मला चिरंजीवांची बाजू घ्यावी लागणार आहे. आपले मत लांब काडतुसाच्या रायफलीला लागू पडते. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात दारू थोडी आणि लवकर जळणारी असते. सोळा ते अठरा इंचांच्या आत तिचे काम संपते आणि पुढची नळी गोळीला वेग देण्याऐवजी नुसती वाट दाखवते. 240 ग्रेनची (सुमारे साडेपंधरा ग्रॅमची) .44 मॅग्नम गोळी रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला साधारण 1,350 फूट वेगाने निघते, तर कार्बाइनच्या नळीतून 1,760 फुटांच्या घरात जाते. ही मोठी कमाई आहे, पण ती सोळा-अठरा इंचांत पदरात पडते. त्यापुढे चार इंच वाढवून हाती लागते ते किरकोळ. उलट वजनाचा हिशेब आपणच करून पाहा. बाहेरून 22 मिलिमीटर आणि आतून 10.9 मिलिमीटर व्यासाच्या पोलादी नळीचा एक इंच सुमारे 57 ग्रॅम भरतो. चार इंच म्हणजे पाव किलोला थोडे कमी, आणि तेही बंदुकीच्या अगदी टोकाला, जिथे ते हाताला दुप्पट जाणवते.

सोळा इंचांच्या खाली मात्र जाऊ नये. अमेरिकेत 1934 च्या कायद्यानुसार सोळा इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल वेगळी नोंदवावी लागते आणि एकूण लांबीही 26 इंचांपेक्षा कमी चालत नाही. याच कंटेंडरवरून, म्हणजे पिस्तूल आणि कार्बाइनचे सुटे भाग एका पेटीत विकले तर ती आखूड रायफल ठरते का या मुद्द्यावर, 1992 साली खटला त्यांच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. पण ती वेळ आपल्यावर कशाला? नळी साडेसोळा इंच ठेवावी. पुढे कधी तोंडाला मार बसला आणि ते पुन्हा तासून घ्यावे लागले तर तो अर्धा इंच कामी येतो.

वजन कापायचे ते दस्त्यातून, पुढच्या लाकडातून आणि नळीच्या पुढच्या भागातून कापावे. चेंबरभोवतीच्या जाडीला हात लावू नये. तिथे दहा-वीस ग्रॅम वाचवण्याचा मोह झालाच तर कारागिराने नकार द्यावा आणि चिरंजीवांनी तो ऐकावा.

एक प्रश्न आपण विचारला नाही, पण ऑर्डर देताना तोच सर्वांत आधी विचारायला हवा : नळीतल्या आट्यांचा, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचांचा, पीळ किती? .44 च्या कारखानी कार्बाइनींना पूर्वापार 38 इंचांत एक फेरा असा सैल पीळ दिला जात असे. 240 ग्रेनच्या गोळीला तो चालतो, पण 300 ग्रेनची लांब गोळी अशा नळीतून डळमळू लागते आणि कागदावर आडवी पडल्याची खूण दिसते. वीस इंचांत एक फेरा घेतला तर हलकी आणि जड, दोन्ही गोळ्या सरळ जातात. बंदूक खास बनवूनच घ्यायची आहे तर जुन्या कारखानी आकड्याला चिकटून राहण्याचे कारण नाही.

अंतराबाबत भ्रम नसावा. नळीच्या तोंडाशी 1,650 फूट-पौंड असलेली ऊर्जा शंभर यार्डांवर हजाराच्या आसपास येते, आणि शंभर यार्डांवर नेम जुळवलेली बंदूक दोनशे यार्डांवर सुमारे दीड फूट खाली मारते. ही शंभर, फार तर सव्वाशे यार्डांची बंदूक आहे. तिच्यावर मोठी दुर्बीण बसवणे म्हणजे वाचवलेले वजन परत चढवणे होय. गोल छिद्राची मागची साइट किंवा एकपट-चौपटीची छोटी दुर्बीण पुरे.

प्रश्न : सासऱ्यांच्या पश्चात त्यांच्या एकनळी बारा बोअरचा परवाना माझ्या नावे झाला. तिचा धक्का मला सोसत नाही, दोन बार काढले की खांदा काळानिळा होतो. कमी वजनाची बंदूक घेतली तर धक्काही कमी लागेल, असे दीर म्हणतात. ते खरे आहे का?
— एक शेतकरी महिला, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, दिरांचे गणित उलटे आहे. काडतूस तेच ठेवून बंदूक हलकी केली तर धक्का वाढतो, आणि तो वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. वरच्या पत्रातलेच .44 मॅग्नम घ्या. 240 ग्रेनची गोळी आणि मागून येणारा दारूचा वायू यांचा एकत्रित रेटा जमेस धरला तर सव्वातीन किलोच्या बंदुकीत धक्क्याची ऊर्जा साधारण 16 ज्यूल येते. तेच काडतूस सव्वादोन किलोच्या बंदुकीतून उडवले तर ती 23 ज्यूलवर जाते. एक किलो उचलण्याचे कष्ट वाचले, पण खांद्यावर जवळपास दीडपट आले.

तरीही आपला अनुभव चुकीचा नाही. तीन किलोच्या एकनळीतून 32 ग्रॅम छऱ्यांचे बारा बोअरचे काडतूस उडवले तर हाच हिशेब 38 ज्यूलच्या आसपास जातो. म्हणजे जिला सगळे जण साधी, शेतकऱ्याची बंदूक म्हणतात ती अमेरिकनांच्या त्या हलक्या मॅग्नम कार्बाइनपेक्षा पुष्कळ जास्त लाथ मारते. आपल्याकडे याची कोणी तक्रार करत नाही, कारण पुरुषमंडळींना खांदा दुखल्याचे सांगायला संकोच वाटतो.

आपल्या बाबतीत मला दस्त्याची शंका येते. या बंदुकांचे दस्ते उंच्यापुऱ्या माणसाच्या मापाने घडवलेले असतात. हात आखूड असेल तर दस्ता खांद्याच्या खळगीत न बसता दंडाच्या हाडावर टेकतो आणि तिथेच काळेनिळे होते. आपला डाग नेमका कुठे उठतो ते पाहा म्हणजे उलगडा होईल. परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडून लाकडी दस्ता मागून थोडा कमी करून घ्यावा आणि त्यावर जाड रबरी पॅड बसवावा. लाकडाचे काम करताना नळीला हात लागत नाही, तरीही बंदूक देताना पावती घ्यावी आणि ती परवान्यासोबत ठेवावी. दुसरे, कमी छऱ्यांचे काडतूस मागावे. तिसरे म्हणजे कानात बोळे घालावेत. धक्क्याची निम्मी भीती आवाजाची असते.

प्रश्न : आमच्या भागात रोही आणि रानडुकरांनी तूर, हरभरा, काहीच शिल्लक ठेवले नाही. झटका मशीन लावली, साड्या बांधल्या, रात्ररात्र जागल केली. दोन्ही गुडघे दुखतात, जड बंदूक घेऊन धुऱ्याने फिरणे होत नाही. अशी हलकी, .44 ची एकनळी कार्बाइन भारतात रीतसर बनवून मिळेल का?
— एक शेतकरी, पांढरकवडा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, कायद्याच्या पुस्तकात हिला सरळ बंदी नाही, पण प्रत्यक्षात मिळण्यासारखी नाही. कशी ते सांगतो.

शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 13 मध्ये पीक संरक्षणासाठी कोणती बंदूक द्यायची हे स्पष्ट लिहिले आहे : ठासणीची बंदूक, आणि ती पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी एखादी गुळगुळीत नळीची बंदूक. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच गुळगुळीत नळीची बंदूक देण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. आटे असलेली रायफल या सवलतीत बसत नाही. तिच्यासाठी वेगळे, सबळ कारण दाखवावे लागते आणि ते मान्य करणे न करणे जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या हाती असते. डुकरांचा त्रास या एका कारणावर रायफल मिळेल असे धरून चालू नये. 2019 च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, हेही लक्षात असू द्या.

परवाना मिळाला असे क्षणभर धरू. बनवणार कोण? कलम 5 प्रमाणे बंदूक बनवायला, तिच्यात फेरबदल करायला किंवा काडतुसे बनवायलाही सरकारी परवाना लागतो. मुंगेरसारख्या ठिकाणी परवानाधारक कारखाने पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण त्यांचा हात एकनळी-दुनळीवर, म्हणजे गुळगुळीत नळीवर बसलेला. परदेशातून मागवण्याची वाट सर्वसामान्य परवानाधारकाला बंद आहे. नामांकित नेमबाजांना जी सवलत आहे ती त्यांच्या खेळापुरती.

आणि खरी मेख काडतुसाची आहे. आपल्या आयुध निर्माण्यांतून नागरिकांसाठी येणारी काडतुसे प्रामुख्याने 12 बोअर, .22, .32, .315 आणि .30-06 ही आहेत. .44 मॅग्नम त्यांत नाही. जे काडतूस जिल्ह्याच्या गन हाउसमध्ये वर्षानुवर्षे नियमित मिळत नाही त्याची बंदूक घेणे म्हणजे डिझेल न मिळणाऱ्या गावी ट्रॅक्टर घेणे होय. अमेरिकेतल्या मुलाला मी .44 घ्यायला सांगितले ते तिथल्या दुकानात त्याची पेटी सहज मिळते म्हणून. तोच नियम आपल्याकडे लावला तर उत्तर 12 बोअर असे येते. एकनळी बारा बोअर, तीही कमी वजनाची पाहून घ्यावी. मोठे छरे हवे असतील तर एलजी किंवा एसजी काडतूस आहेच, आणि चाळीस-पन्नास पावलांच्या पुढे रात्री कोणीही बार काढू नये.

हे शेवटचे मी जोर देऊन सांगतो. .44 ची गोळी लवकर मंदावते हे खरे असले तरी कोन मिळाला तर ती दीड किलोमीटरहून अधिक लांब जाऊन पडू शकते. आपल्या काळ्या जमिनीच्या सपाट शिवारात शेजारच्या वावरात दुसरा माणूस जागलीला बसलेला असतो, त्याच्या पलीकडे तिसरा. इलिनॉयवाल्यांनी रायफलीला इतकी वर्षे दूर का ठेवले ते इथे कळते. छऱ्यांचा जोर त्या मानाने फार लवकर सरतो.

आता वनविभागाचे. बंदुकीचा परवाना असणे आणि जनावर मारण्याची परवानगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मध्ये 2022 साली जी दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे आणि तिच्यानुसार रानडुक्कर व नीलगाय, म्हणजे आपला रोही, ही दोन्ही जनावरे दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या अशा जनावराबद्दल कलम 11 खाली लेखी परवानगी मिळू शकते, त्यासाठी वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज करावा लागतो; परवानगी हाती येण्यापूर्वी काढलेला बार गुन्हा ठरतो. नुकसानभरपाईचा अर्ज वेगळा, तो पंचनाम्यासकट लगेच करावा. कागद रेंगाळतात हे मलाही ठाऊक आहे, पण पिकाचे फोटो आणि अर्जाची पोचपावती जवळ असेल तर पुढच्या हंगामात तेच कागद बंदुकीच्या अर्जालाही जोडता येतात.

आपले गाव पांढरकवड्याजवळ आहे, म्हणून टिपेश्वर अभयारण्याचा मुद्दा येतो. त्याच कायद्याच्या कलम 34 प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्रपरवाना देता येत नाही, आणि जुन्या परवानाधारकाने आपले नाव त्यांच्याकडे नोंदवायचे असते. अनेकांनी ती नोंद केलेली नसते. आपली झाली आहे का, ते पाहा. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शस्त्र घेऊन पाऊल टाकणेही मना आहे, मग बंदूक रिकामी असो वा भरलेली.

प्रश्न : मी सैन्यातून निवृत्त झालो आहे. जुन्या वेब्ली रिव्हॉल्व्हरचे .455 काडतूस मोठ्या बोअरचे आहे आणि त्याचा धक्काही बेताचा. त्यावर एकनळी कार्बाइन का आखू नये?
— एक माजी सैनिक, आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर : सुभेदारसाहेब, काडतूस सौम्य आहे यात शंका नाही, पण ते प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत .380 आणि .455 ही कडेची काडतुसे, तसेच सैन्याची 9 मिलिमीटर आणि .45 बिनकडेची काडतुसे ज्या शस्त्रात बसतात व उडतात ती शस्त्रे प्रतिबंधित ठरवली आहेत, आणि त्या यादीत पिस्तूल व रिव्हॉल्व्हर यांच्याबरोबर ‘कार्बाइन’ हा शब्द मुद्दाम लिहिलेला आहे. सैन्याच्या कोठारातली काडतुसे खासगी बंदुकांत वापरली जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. बोअर किती मोठे आहे याचा तिथे संबंध नाही; .45 ला जो नियम आहे तोच त्याहून बारीक .380 ला.

प्रश्न : आजोबांची तीस इंची नळीची बारा बोअर फार जड आहे. गावातला वेल्डिंगवाला सहा इंच नळी कापून देतो म्हणतो, आतून आट्याची नळी बसवून दुसरे काडतूसही चालेल असे करून देतो म्हणतो. करावे का?
— एक तरुण वाचक, तिरोडा तालुका, जि. गोंदिया

उत्तर : करू नये, आणि त्या वेल्डिंगवाल्याकडे बंदूक दाखवायलाही नेऊ नये. शस्त्र अधिनियमाच्या कलम 6 प्रमाणे परवान्याशिवाय नळी आखूड करणे आणि एका वर्गातले शस्त्र दुसऱ्या वर्गात बदलणे, हे दोन्ही गुन्हे आहेत. कलम 25 खाली त्याला किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. सहा इंच कापूनही नळी चोवीस इंच उरते, वीसच्या वर आहे, असा युक्तिवाद कोणी केला तर त्याला बळी पडू नका. वीस इंचांचा आकडा परवाना कोणत्या बंदुकीला द्यायचा यासाठी आहे, कापायची मुभा देण्यासाठी नाही. गुळगुळीत नळीत आट्याची नळी घातली की ती रायफल होते, आणि तुमच्या परवान्यावर रायफल लिहिलेली नाही. शिवाय बारा बोअरची पातळ नळी आणि तिचे जुने कुलूप (नळी मागून बंद करणारी यंत्रणा) कोणत्या दाबासाठी घडवले होते हे त्या कारागिराला माहीत असण्याचे कारण नाही. पुंगळी फुटली तर ती तुमच्या चेहऱ्याशी फुटते.

आणि एवढे करून हाती काय लागेल? बारा बोअरची नळी तोंडाकडे जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची असते. तिचा एक इंच पंधरा-सोळा ग्रॅम भरतो, म्हणजे सहा इंच कापून शंभर ग्रॅमही कमी होत नाहीत, उलट तोंडाशी छरे एकत्र ठेवणारा चोक तेवढा निघून जातो. या बंदुकीचे वजन मागे आहे : कुलपात, चेंबरमध्ये आणि लाकडात. आजोबांच्या काळचा दोरीसारखा अरुंद पट्टा काढून दोन-अडीच इंच रुंदीचा कापडी पट्टा लावा आणि तो तिरपा, छातीवरून पाठीवर घ्या; धुऱ्यावरून चालताना तेच वजन निम्मे वाटते. एकनळी बंदूक चालताना मोडून, चेंबर उघडे ठेवून न्यायची असते, आणि काडतूस आपण जागेवर जाऊन बसल्यावरच भरायचे असते. परवाना आजोबांच्या नावाचा असेल तर त्याचेही आधी पाहा. त्यांच्या नावची बंदूक खांद्यावर घेऊन तुम्ही एकटे वावरात सापडलात, तर नळी किती इंचांची आहे हे कोणी विचारणार नाही.